अल्फा हेलिक्सचं चित्र काढताना या चुका टाळा

प्रथिनाच्या रचनेची फाइल पायमॉलमध्ये (रेणूंची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायची, कार्टून (साखळीचं रिबनसारखं सोपं चित्र) चालू करायचं, रंग भरून स्लाइडवर डकवायचं. अल्फा हेलिक्स म्हणजे प्रथिनाच्या साखळीचा स्प्रिंगसारखा पीळ. घाईघाईत काढलेल्या तिच्या अशा चित्रांत त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग येतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे चित्र आडवं उलटवणं. एका विद्यार्थिनीच्या पोस्टरवर मायोग्लोबिन (स्नायूंतलं ऑक्सिजन साठवणारं प्रथिन) कोपऱ्यात नीट बसेना, म्हणून तिने स्लाइडमध्येच ते फ्लिप केलं. आठच्या आठ हेलिक्स डाव्या पिळाच्या झाल्या! परीक्षकांनी पहिलं बोट ठेवलं ते तिथेच. काम उत्तम होतं, पण प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्या चित्राने खाल्ला. प्रथिनांतली अल्फा हेलिक्स उजव्या पिळाची असते. १९५१ साली अल्फा हेलिक्सची रचना मांडताना पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन या शास्त्रज्ञांनी छापलेली आकृतीही डाव्या पिळाची होती, पण तेव्हा खरा पीळ कोणता हे ठरलेलं नव्हतं. केंड्र्यू यांनी क्ष-किरणांनी उलगडलेल्या मायोग्लोबिनच्या रचनेत तो पुढे दिसला. आज ही सबब चालणार नाही. छापायला देण्याआधी मी एक हेलिक्स उभी धरून बघतो: समोरचे वेढे डावीकडून उजवीकडे वर चढले पाहिजेत. जागा जमत नसेल तर रेणू फिरवा, चित्र उलटवू नका.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘सर, यात हायड्रोजनच नाहीत, मग हेलिक्स धरून ठेवणारे हायड्रोजन बंध कसे दाखवू?’ क्ष-किरणांनी मिळवलेल्या बहुतेक रचनांत ते दिसतच नाहीत. म्हणून बंधाच्या दोन टोकांचं, म्हणजे नायट्रोजन ते ऑक्सिजन अंतर मोजा, साधारण २.९ अँगस्ट्रॉम भरेल. सगळे ध्रुवीय संपर्क (हायड्रोजन बंधासारख्या जवळिका) पायमॉलमध्ये एका क्लिकवर काढण्याचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. पाणी आणि बाजूच्या साखळ्या मिळून तुटक रेषांचं जंजाळ होतं. मी एकच हेलिक्स घेतो, फक्त मुख्य साखळी ठेवतो आणि पहिला बंध हाताने जोडतो: एका अमिनो आम्लाचा कार्बोनिल ऑक्सिजन, पुढच्या चौथ्याचा नायट्रोजन. तिसऱ्याशीच जुळत गेला, तर ती अल्फा नाही, ३-१० हेलिक्स (जास्त घट्ट पिळाचा दुसरा प्रकार) आहे.

रिबन पोकळ दिसते, म्हणून ‘आतून पाणी जातं’ असं लिहू नका. आत अणू एकमेकांना खेटून असतात.

हेलिक्सच्या जागी सरळ नळकांडी दाखवलीत की प्रोलीन या अमिनो आम्लापाशी आलेला तिचा बाक झाकला जातो.

अल्फाफोल्डचं (रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रणालीचं) मॉडेल असेल तर आधी पीएलडीडीटीप्रमाणे (प्रत्येक भागाच्या अंदाजाची खात्री सांगणारा ० ते १०० गुणांक) रंगवा. ५०च्या खालच्या भागात हेलिक्स दिसली, तरी तिच्यावर निष्कर्ष बांधू नका.