आगोटीच्या यादीत रीलही असू द्या

मे महिना उतरणीला लागला की कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, धांदल सुरू होते. कौलं शाकारायची, सुकी मासळी डब्यात भरायची, लाकूडफाटा पडवीत घ्यायचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि खडपावरून गरी टाकणाऱ्यांनीही उधाणलेल्या समुद्रापासून लांबच राहावं. अशा वेळी गळाचा रॉड त्याच्या दोरी गुंडाळणाऱ्या रीलसकट कोपऱ्यात उभा केला जातो आणि नारळी पौर्णिमेनंतर हातात घेतला की हँडल खरखरतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. रीलच्या आत राहिलेला खारा थर पावसाळाभर ओलाच राहतो आणि बेअरिंग, स्प्रिंग, पितळी पिनियन (छोटा गिअर) सावकाश खात बसतो. म्हणून रील उघडून साफ करायचं ते पावसाआधी. हंगाम सुरू होताना उघडाल तर झालेलं नुकसान तेवढं दिसेल.

इथे सांगतोय ती खाडीत आणि खडपावर वापरल्या जाणाऱ्या साध्या स्पिनिंग रीलची तयारी. चुंबकीय तेलाच्या पडद्याने पाणी अडवणारी दाइवा कंपनीची मॅगसील रीलं मात्र घरी उघडू नका. तो पडदा एकदा पुसला गेला की घरी परत घालता येत नाही. ती सर्व्हिस सेंटरलाच द्यावीत.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी रीलच्या पायावर किंवा अंगावर कोरलेला मॉडेल क्रमांक वाचा आणि त्याच क्रमांकाचा सुट्या भागांचा आराखडा शोधून कागदावर छापून घ्या. नावात एका अक्षराचा फरक असला तरी आतली रचना वेगळी निघू शकते. मोबाईल चार्ज केलेला असू द्या, कारण प्रत्येक भाग काढायच्या आधी एक फोटो आणि काढल्यावर एक फोटो लागणारच.

जागा उजेडाची हवी, आणि पंखा बंद. टेबलावर जुनी पांढरी चादर, तिच्यावर काठाची परात. बेल आर्मची (दोरी पकडणाऱ्या तारेच्या कमानीची) स्प्रिंग उडाली तर निदान परातीत पडते. शेजारी बर्फाचा रिकामा ट्रे ठेवा. पहिला निघालेला भाग पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात. जोडताना उलट्या क्रमाने यायचं. सर्वांत जास्त जपायचं ते शिम वॉशरना. कागदाइतक्या पातळ या चकत्या ग्रीसमुळे गिअरला नाहीतर बेअरिंगला चिकटून बाहेर येतात आणि पुसताना कापडाबरोबर निघून जातात. गिअर बाहेर काढला की त्याच्या दोन्ही बाजू नखाने हलकेच चाचपा आणि कुठल्या बाजूला किती शिम होत्या ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. एक शिम जरी हरवली किंवा बाजू बदलली तरी गिअर नीट बसत नाहीत, मग कितीही चांगलं ग्रीस घाला, खरखर जात नाही.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसलं पाहिजे. जपानी स्क्रूची चौफुली नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित वेगळी असते, त्यामुळे भलतंच टोक लावलं की ते घसरतं आणि खाच खराब होते. रोटरच्या (दोरी गुंडाळताना गरगर फिरणाऱ्या भागाच्या) नटासाठी योग्य मापाचा बॉक्स पाना घ्या. काही रीलांत हा नट उलट्या आट्यांचा असतो. थेट आट्यांवर बसणारं हँडल असेल तर त्याचीही डावी-उजवी बाजू बदलली की फिरवायची दिशा बदलते. नट हलत नसेल तर जोर लावण्याआधी आराखडा पुन्हा पाहा.

धुण्यासाठी रॉकेल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि कापसाच्या काड्या पुरतात. खिडकी उघडी ठेवा, जवळपास शेगडी नको. पेट्रोल वापरूच नका. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक आणि रंग विरघळवतात, तेही लांब ठेवा. उघडी बेअरिंगं बुडवून धुता येतात. रबरी झाकणाची फक्त बाहेरून पुसा. सुकल्यावर बेअरिंग बोटावर फिरवून पाहा. अडकत असेल तर बदला, तेलाने ते बरं होत नाही. मापं अशी वाचायची : ७×१४×५ म्हणजे आतला व्यास ७ मिमी, बाहेरचा १४ आणि जाडी ५. स्टेनलेस स्टीलचंच मागा.

वंगणं दोन, आणि त्यांची गल्लत नको. गिअरच्या दातांना ग्रीस, तेही दात भरून जातील इतकं नाही, पातळ थर. बेअरिंग, हँडलची मूठ आणि दोरी वळवणाऱ्या लाइन रोलरला पातळ तेलाचा एखादा थेंब, सिरिंजने. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या वन-वे क्लचमध्ये मात्र ग्रीस अजिबात जाऊ देऊ नका. आतले बारीक रोलर चिकटतात, धरत नाहीत, आणि जिताड्याने हिसका दिला की हँडल उलटं फिरतं. क्लच सुटा करू नका, अख्खा काढा, पुसा, तेलाचा नुसता हात फिरवा. गंज सोडवणारा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे. तो उडून जातो आणि जाताना असलेलं ग्रीसही धुऊन नेतो.

ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी थोडी थोडी सोडणारा ब्रेक. त्याच्या वॉशरचा क्रम फोटोत पक्का करा. फेल्टचे (नमद्याचे) वॉशर चपटे, कडक झाले असतील तर नवे आणून ठेवा. कार्बनच्या वॉशरना ड्रॅगसाठीचं खास ग्रीस लागतं, किंवा कंपनीने कोरडे दिले असतील तर कोरडेच ठेवा.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर सगळं सोडा आणि लाइन रोलर काढा. मासा ओढत असताना दोरी याच इवल्या रोलरवरून काटकोनात वळते आणि प्रत्येक फेरीला खारं पाणी त्याच्यावरच पिळून टाकते. म्हणून तो सर्वांत आधी अडकतो. अडकलेल्या रोलरवर ब्रेडेड (विणलेली) दोरी घासून चर पाडते आणि नंतर त्याच चरात स्वतः तुटते. नखाला चर लागला तर रोलर बदला.

जोडून झाल्यावर स्पूल (दोरीची फिरकी) न लावता हँडल अगदी हळू फिरवा. वेगात फिरवलं की दोष लपतो. मग स्पूल बसवा, दोरी वजनकाट्याला बांधून ओढा आणि ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश एवढ्यावर सुटतोय का पाहा. तपासून झालं की ड्रॅग पूर्ण सैल करा आणि रील सुती पिशवीत, हवा खेळेल अशा कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका. सुट्या भागांचा आराखडा त्याच पिशवीत घालून ठेवा, पुढच्या मे महिन्यात शोधावा लागणार नाही.