फिनिशियन शिलालेख वाचायला घरबसल्या कसं शिकायचं

लेबननच्या किनाऱ्यावर आज जी सूर, सैदा आणि जुबैल ही गावं आहेत ना तीच जुनी टायर, सिडॉन आणि बिब्लोस, म्हणजे फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांची बंदरं. इथून देवदाराचं लाकूड, जांभळं कापड, काच, तेल-दारूचे रांजण घेऊन ही माणसं पार स्पेनपर्यंत जायची. हिशेब आणि पत्रं पपायरसवर लिहायची म्हणून ते जवळपास सगळं कुजून गेलं, राहिले ते दगड, नाणी आणि थोडे सोन्याचे पत्रे. पण हे जे राहिलंय ते आपण स्वतः वाचू शकतो, त्यासाठी प्रोफेसर असायची गरज नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत पहिली ओळ वाचता येते, मी तशीच शिकलो म्हणून सांगतोय.

आधी अक्षरं. एकूण 22, सगळी व्यंजनं, स्वर लिहायचेच नाहीत, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे. मराठी माणसाची इथे एक हमखास चूक होते, आपल्या क मधे अ आपोआप असतो, तिकडे तसं काही नाही, म्हणून वहीत उतरवताना प्रत्येक अक्षराचा पाय मोडा, म्-ल्-क् असं. मग तो मलक आहे का मिल्क का मुलुक हे संदर्भावरून ठरतं.

चार्ट डाउनलोड करून नुसता घोकू नका, आकार आणि नावाचा अर्थ जोडून लक्षात ठेवा. अलेफ म्हणजे बैल, इंग्रजी ए आडवा पाडला की अलेफ. मेम म्हणजे पाणी, लाटेसारखी नागमोडी रेघ. शिन म्हणजे दात, डब्ल्यूसारखा. तॉव म्हणजे खूण, साधी फुली. आयिन म्हणजे डोळा, नुसतं वर्तुळ, आणि गंमत म्हणजे आपण 'ऐन दिवाळीत' म्हणतो तो ऐन अरबीतल्या याच डोळावाल्या शब्दाचा. आयिनचा उच्चार घशातून येतो, देवनागरीत त्याला अक्षरच नाही, मी वहीत सरळ शून्य काढतो, आकारही जमतो आणि गोंधळही होत नाही. अलेफला अ लिहितो. बेथ, दालेथ आणि रेश ही तीन मात्र सुरुवातीला छळतात, तिघांचंही डोकं त्रिकोणी, त्यामुळे शेपटीकडे बघायची सवय लावा, दालेथची शेपटी नसते किंवा अगदी आखूड, रेशची लांब सरळ आणि बेथची खाली वळलेली.

ओळखीत कोणी हिब्रू जाणणारं असेल, अलिबागकडचे बेने इस्रायली वगैरे, तर त्यांच्याकडून अक्षरांची नावं म्हणून घ्या. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी, अक्षरं तेवढीच, क्रमही तोच, आकार तेवढे वेगळे.

आता वाचन. नवशिक्याने थेट जुन्या लेखाला हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवात माल्टाच्या जोडखांबांपासून करा. संगमरवराचे दोन छोटे खांब, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, 1694 साली त्यांची नोंद झाली. खाली त्याच नवसाचा मजकूर थोडक्यात ग्रीकमधे आहे, आणि त्याच्याच आधाराने 1758 मधे बार्थेलेमी या फ्रेंच विद्वानाने ही लिपी उलगडली. म्हणजे ज्या दगडावर सगळं जग ही लिपी शिकलं त्याच दगडावर आपणही शिकायचं. एक खांब आज माल्टात व्हॅलेटाच्या म्युझियममधे आहे, दुसरा पॅरिसला लूव्रमधे, दोन्हींचे चांगले फोटो नेटवर मिळतात.

पहिली ओळ अशी (क़् म्हणजे घशातून येणारा वेगळा क, आणि त्स् हे एकच अक्षर): ल्-अ-द्-न्-न् ल्-म्-ल्-क़्-र्-त् ब्-०-ल् त्स्-र्. सुरुवातीचा ल् म्हणजे आपला 'ला', फक्त ते शब्दाच्या आधी लावतात. नातं काही नाही, योगायोग आहे, पण लक्षात राहतं बघा. अदन म्हणजे स्वामी, शेवटचा न् म्हणजे आमचा. मेलकार्त हा टायरचा देव, नावातच फोड आहे, मलक म्हणजे राजा आणि कर्त म्हणजे शहर, शहराचा राजा. आपले मालक आणि मुलूख हे शब्द अरबीतून आले, धातू तोच म्-ल्-क्. बअल म्हणजे धनी. आणि त्स्-र् म्हणजे टायर, आजही तिथली माणसं सूरच म्हणतात. झालं की, 'आमच्या स्वामीला, मेलकार्तला, सूरच्या धन्याला'.

पुढे येतं अ-श् न्-द्-र्, म्हणजे 'जे नवसाने वाहिलं', हा न्-द्-र् आपल्या नजराण्यातला. मग ०-ब्-द्-क्, तुझा सेवक, हा ०-ब्-द् म्हणजे अब्दुलमधला अब्द. मग दोन सख्ख्या भावांची नावं, आणि दोन्ही नावांत ओसिर, म्हणजे इजिप्तचा ओसिरिस देव. ग्रीक भागात ते स्वतःला टायरचे म्हणवतात. म्हणजे टायरची माणसं, नावात इजिप्तचा देव, नवस माल्टात फेडलेला आणि खाली ग्रीक मजकूर! या लोकांच्या समुद्रातल्या जाण्यायेण्याबद्दल पानंच्या पानं वाचून जे कळत नाही ते या चार ओळींत दिसतं. शेवटी ते म्हणतात की देवाने त्यांचा आवाज ऐकला, त्यांना आशीर्वाद देवो, आणि तिथे जो ब्-र्-क् धातू आहे तो आपल्या बरकतमधला. मी पहिल्यांदा तिथवर पोचलो तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला होता, समुद्रावर पोट असलेल्या माणसाने बरकत मागितलीय आणि तो शब्द आपण रोज वापरतो.

हे जमलं की कार्थेजच्या, म्हणजे फिनिशियनांनी आजच्या ट्युनिशियात वसवलेल्या शहराच्या, नवसाच्या दगडांकडे वळा. हजारो आहेत आणि बहुतेकांचा साचा एकच, तानित देवीला आणि बअल हम्मोनला अमुकचा मुलगा तमुक याने वाहिलं. पाच दगड वाचले की सहावा न अडखळता जातो. नावांचा सरावही होतो, कार्थेजचा सेनापती हॅनिबल म्हणजे ह़्-न्-ब्-०-ल् (ह़् हा घशातून येणारा ह), बअलची कृपा. फक्त रोमनांनी कार्थेज पाडल्यानंतरची उशिराची प्युनिक, म्हणजे कार्थेजकडची, लिपी सध्या टाळा, त्यात बरीच अक्षरं नुसत्या काड्यांसारखी दिसतात आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

सोबत एक काम करा, भूमध्य समुद्राचा नकाशा प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि प्रत्येक नाव त्यांच्या लिपीत स्वतः लिहा. ग्-ब्-ल् म्हणजे बिब्लोस. ग्-द्-र् म्हणजे कुंपण, स्पेनचं कादिझ. क़्-र्-त्-ह़्-द्-श्-त् म्हणजे नवं शहर, आपल्याकडच्या नवानगरसारखं, तेच कार्थेज. स्पेनमधेही त्यांनी याच नावाचं शहर वसवलं, रोमनांनी त्याला परत 'नवं कार्थेज' म्हटलं, म्हणजे नवं नवं शहर, आजचं कार्ताहेना. सार्डिनियात नोरा गावी सापडलेल्या दगडावर ब्-श्-र्-द्-न् दिसतं, 'सार्डिनियात', आणि तो दगड इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकातला आहे. इटलीत पिर्गीला 1964 साली सोन्याचे पत्रे सापडले, तिथल्या एट्रुस्कन (रोमनांच्या आधीपासून इटलीत नांदणारे लोक) राजाने अस्तार्ते देवीला वाहिलेले, एट्रुस्कनसोबत फिनिशियनमधेही मजकूर आणि सुरुवातीला परत तोच ल्.

टायपिंगसाठी नोटो सान्स फिनिशियन हा फॉन्ट फुकट आहे, युनिकोडमधे ही लिपी 2006 पासून आहे. देवनागरीसोबत एकाच ओळीत पेस्ट केलं तर दिशा उलटसुलट होऊन अक्षरं इकडची तिकडे दिसतात, म्हणून वेगळ्या ओळीत टाका. पण खरं सांगू का, हाताने लिहिल्याशिवाय अक्षरं बसत नाहीत.

सगळ्यात शेवटी अहिरामची शवपेटी घ्या, बिब्लोसला 1923 मधे सापडलेली, साधारण तीन हजार वर्षं जुनी, बैरूतच्या नॅशनल म्युझियममधे आहे. पेटीच्या आणि झाकणाच्या कडेने लेख कोरलाय आणि शब्दांमधे छोट्या उभ्या रेघा आहेत त्यामुळे तोडायला सोपं जातं. त्यात ब्-न् शोधा, मुलगा, मग अहिरामचं नाव, मग म्-ल्-क्, आणि त्याला लागून ग्-ब्-ल्. 'बिब्लोसचा राजा'. हे तुम्हाला आता कोणी न सांगता वाचता येईल.