पेटंट वाचताना आधी दावे वाचावेत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये नव्या यंत्राची चर्चा रंगात आलेली असते आणि कोणीतरी म्हणते, ‘त्याचे पेटंट आहे.’ बहुतेक वेळा चर्चा तिथेच थांबते. ते पेटंट कशावर आहे, कोणत्या देशात आहे आणि आज जिवंत आहे का, हे कोणी पाहत नाही. हे पाहायला वकील लागत नाही. एक संगणक, थोडे इंग्रजी आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात. गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना उपकरणशास्त्र शिकवताना मी ज्या क्रमाने पेटंटचे दस्तऐवज वाचत आलो, तोच क्रम येथे मांडतो.

संशोधकाने आपली कृती पूर्णपणे उघड करायची आणि त्या बदल्यात सरकारने त्याला ठरावीक मुदतीपुरता दुसऱ्यांना ती वापरण्यापासून रोखण्याचा हक्क द्यायचा, हा पेटंटमागचा करार आहे. भारतात ही मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची असते. हा हक्क देशापुरता असतो. अमेरिकेत दिलेले पेटंट भारतात आपोआप लागू होत नाही आणि सगळ्या जगाचे मिळून एक पेटंट कोठेही दिले जात नाही. मुदत संपलेली, शुल्क न भरल्याने बंद पडलेली किंवा भारतात कधी मागितलीच न गेलेली पेटंटे आपल्यासाठी खुली असतात आणि त्यांची संख्या फार मोठी आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. अशा जुन्या कृतीवर पुढे कोणी केलेल्या सुधारणेचे पेटंट जिवंत असू शकते.

शोध सुरू करण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात वहीत लिहावा. उदाहरणादाखल आपल्याच भागातला प्रश्न घेऊ: गुळात हायड्रोज (रंग उजळवण्यासाठी घालतात ते रसायन) किती आहे, हे गुऱ्हाळावरच ओळखणारे छोटे यंत्र करायचे आहे. ‘जॅगरी’ हा शब्द टाकून शोधल्यास थोडेच दस्तऐवज हाती लागतात आणि विद्यार्थी लगेच म्हणतो, ‘सर, असे कोणी केलेलेच नाही.’ ही घाई नडते. कोलंबियात गुळाला ‘पनेला’ म्हणतात, शास्त्रीय लेखनात ‘नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर’ म्हणतात; ही नावे टाकून पुन्हा पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याला खरोखर काय मोजायचे आहे, ते ओळखावे. हायड्रोजमुळे गुळात मागे उरतो तो सल्फाइटचा अंश, आणि आम्ल घालून तापवल्यावर त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. सल्फाइट तर जगभर वाइन टिकवण्यासाठी घालतात. म्हणजे आपल्या गुळाच्या यंत्राचे पूर्वज वाइनच्या पेटंटांत दडलेले असतात. पदार्थाचे नाव सोडून क्रियेचे नाव शोधायला शिकणे, हा या कामातला सर्वात मोठा धडा आहे असे माझे मत आहे.

शब्द फसवतात म्हणून वर्गीकरणाचा आधार घ्यावा. प्रत्येक पेटंटला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा संकेत असतो, तो रोमन लिपीत टाइप करावा लागतो. पदार्थांचे पृथक्करण आणि तपासणी जी०१एन या वर्गात येते. त्यातला २७ हा गट विद्युत पद्धतींचा, तर ३३/०२ हा अन्नपदार्थांच्या तपासणीचा. लसी ए६१के ३९ मध्ये सापडतात, टेलिफोन एच०४एम मध्ये आणि चित्रांचे प्रक्षेपण व कॅमेरे एच०४एन मध्ये. दोन-तीन योग्य दस्तऐवज सापडले की त्यांच्यावरचे संकेत वहीत उतरवावेत आणि त्याच संकेतांनी पुन्हा शोध घ्यावा. गूगल पेटंट्स, युरोपीय कार्यालयाचे एस्पेसनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे पेटंटस्कोप आणि भारतीय पेटंट कार्यालयाचे इनपास या चारही ठिकाणी शोध विनामूल्य घेता येतो. भारतातील स्थितीसाठी मात्र शेवटचा शब्द इनपासचाच मानावा.

दस्तऐवज उघडल्यावर पहिल्या पानावर कंसातले छोटे आकडे दिसतात. ते जगभर सारखेच असतात, त्यामुळे जपानी भाषेतले पानही काही अंशी वाचता येते: २२ म्हणजे अर्जाची तारीख, ३० म्हणजे आधीच्या ज्या अर्जावर हक्क सांगितला आहे त्याचा तपशील, ५१ म्हणजे वर्गीकरण, ५४ म्हणजे शीर्षक, ७१ म्हणजे अर्जदार आणि ७२ म्हणजे संशोधक. अर्जदार आणि संशोधक यांतला फरक नीट पाहावा. तेजस्वी निळ्या एलईडीचे संशोधक शुजी नाकामुरा यांचे पेटंट त्यांच्या निचिया कंपनीकडे होते. त्यांनी कंपनीविरुद्ध खटला भरला, २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने त्यांना २० अब्ज येन देण्याचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. आपल्याकडेही कॉलेजच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाचा अर्जदार कोण, हे अर्ज लिहिण्याआधीच कागदावर ठरलेले असावे.

क्रमांकापुढचे अक्षरही अर्थपूर्ण असते. अमेरिकेच्या अलीकडच्या दस्तऐवजांत ‘ए’ म्हणजे केवळ प्रसिद्ध झालेला अर्ज आणि ‘बी’ म्हणजे मंजूर झालेले पेटंट. ‘डब्ल्यूओ’ने सुरू होणारा, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने प्रसिद्ध केलेला, क्रमांक हा नेहमी अर्जच असतो. भारतात अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, आणि ते प्रसिद्ध होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे. ही गोष्ट मी कळकळीने सांगतो, कारण अर्ज प्रसिद्ध झाला म्हणून सत्कार स्वीकारणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत आणि त्याच अर्जाला घाबरून चांगले काम सोडून देणारे कारखानदारही पाहिले आहेत. २०१६ पासूनच्या भारतीय अर्ज-क्रमांकात आधी वर्ष आणि मग कार्यालयाचा आकडा असतो. वर्षापुढे २१ दिसले तर तो मुंबई कार्यालयात दाखल झालेला साधा अर्ज समजावा. कोल्हापूरचे अर्जही मुंबईकडेच जातात.

आता मुख्य भाग. शीर्षक आणि सारांश वाचून पेटंटची हद्द कळत नाही. ती दस्तऐवजातल्या क्रमांक दिलेल्या दाव्यांत (क्लेम्स), म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणाऱ्या वाक्यांत असते. शेताच्या सातबाऱ्यावरून शेत कोणाचे ते कळते, पण बांध कुठे आहे ते मोजणीच्या नकाशावरच दिसते. दावे म्हणजे हा नकाशा. पहिला दावा बहुधा स्वतंत्र असतो, पुढचे ‘दावा १ प्रमाणे, परंतु’ अशा धर्तीवर त्यावर टेकलेले असतात. स्वतंत्र दावा वहीत उतरवून त्याचे घटकांत तुकडे करावेत. समजा, एका काल्पनिक दाव्यात तापवलेला टिन ऑक्साइडचा थर, दोन इलेक्ट्रोड, वर कोळशाची गाळणी आणि आर्द्रतेची दुरुस्ती करणारे सर्किट असे चार घटक आहेत. आपल्या यंत्रात हे चारही असतील तर आपण त्या हद्दीत आहोत. गाळणी नसेल आणि तिच्या जागी तेच काम करणारे दुसरे काही नसेल, तर साधारणपणे आपण बाहेर आहोत. ‘कम्प्राइझिंग’ या शब्दाने घटकांची यादी सुरू झाली असेल तर आपण आणखी चार भाग जोडून सुटका होत नाही. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ असेल तर हद्द बरीच अरुंद असते. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून दावे पेन्सिल हातात घेऊनच वाचावेत.

टिन ऑक्साइडचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. कॉलेजच्या प्रकल्पांत वापरले जाणारे एमक्यू मालिकेतले वायू-सेन्सर याच तत्त्वावर चालतात. स्वच्छ हवेत तापलेल्या थराच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन अडकवतो आणि विद्युतरोध वाढतो. गॅस गळती झाली की तो वायू त्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध घसरतो. जपानचे नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये याचे पेटंट मागितले होते. ते मूळ तत्त्व आज कोणालाही वापरता येते.

त्याहून जुने आणि आपल्याला जवळचे उदाहरण पीएच मीटरचे, म्हणजे सामू (आम्लता) मोजणाऱ्या यंत्राचे आहे. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळांवर प्रक्रिया करणाऱ्यांची अडचण आली: रसात टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडमुळे रंगबदलाची कसोटी फसत होती आणि हायड्रोजन इलेक्ट्रोडही निकामी होत होता. काचेचा इलेक्ट्रोड चालला असता, पण त्याचा रोध इतका प्रचंड असतो की साध्या गॅल्व्हानोमीटरला तो झेपत नव्हता. बेकमन यांनी व्हॅक्यूम ट्यूबचे प्रवर्धन जोडले, १९३४ मध्ये अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट २०५८७६१ मिळाले. आज गुऱ्हाळावर काहिलीत चुन्याची निवळी किती घालायची, हे ठरवायला रसाचा सामू मोजतात, तेव्हा हेच तत्त्व हातात असते; आणि हायड्रोजचे यंत्र करू पाहणाऱ्याला सल्फर डायऑक्साइड इलेक्ट्रोडला कसा छळतो, याचा इशाराही या इतिहासात मिळतो. ते पेटंट चित्रांसह आजही वाचता येते. विद्यार्थ्याने पहिले पेटंट वाचायचे तर हे वाचावे.

लसींच्या बाबतीत शोधाची रीत तीच, पण एक सापळा मोठा आहे. ‘कोविड लस’ असे शोधणाऱ्याला त्या लसींच्या पायाशी असलेले एक महत्त्वाचे पेटंट दिसणारच नाही. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी आरएनएमधील (पेशीला प्रथिन बनवण्याचा संदेश देणाऱ्या रेणूमधील) युरिडिन या घटकाच्या जागी स्यूडोयुरिडिनसारखे बदललेले घटक वापरून शरीराची दाहक प्रतिक्रिया टाळण्याची युक्ती शोधली. त्याचे अमेरिकी पेटंट ८२७८०३६ हे २००६ मध्ये मागितले गेले आणि २०१२ मध्ये मिळाले. तेव्हा कोविड हा शब्दच जन्मला नव्हता. २०२३ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले. एका लसीत प्रतिजन (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारा घटक), त्याचा परिणाम वाढवणारे द्रव्य, आरएनए वाहून नेणारे मेदकण आणि उत्पादनाची पद्धत यांवर वेगवेगळ्या मालकांची पेटंटे असू शकतात, म्हणून प्रत्येक थराचा शोध स्वतंत्र घ्यावा. भारतात औषधांवर, आणि म्हणून लसींवरही, उत्पादन-पेटंट १ जानेवारी २००५ पासून मिळू लागले. उपचाराच्या पद्धतीवर ते आजही मिळत नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत थोडक्यात सांगतो. निव्वळ संगणक-प्रोग्रॅमवर भारतात पेटंट मिळत नाही, त्यामुळे मोबाइल ॲपवाल्यांनी आपल्या कामात तांत्रिक यंत्रणा नेमकी कुठे आहे ते आधी शोधावे. आणि मुदतीकडे लक्ष ठेवावे: गाण्यांच्या फाइली लहान करणाऱ्या एमपी३ ची पेटंटे संपत गेली आणि तिचा परवाना-कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला.

शोधानंतर आपल्या हाती काही नवे उरले असेल तर तोंड बंद ठेवावे. हे कठोर वाटेल, पण याची किंमत मी पाहिली आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने गळती ओळखणारे सुरेख यंत्र केले होते. मीच त्याला एका प्रदर्शनात पाठवले आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. अर्ज त्यानंतर काही महिन्यांनी गेला. पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाच्या आक्षेपात नवीनता नसल्याचा पुरावा म्हणून त्याच व्हिडिओचा पत्ता दिलेला होता. केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्रदर्शन किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगी कायदा १२ महिन्यांची सवलत देतो. आमचे प्रदर्शन त्यात बसत नव्हते.

म्हणून आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करावा आणि १२ महिन्यांच्या आत संपूर्ण विवरण द्यावे. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. परीक्षणाची विनंती फॉर्म १८ वर वेगळी करावी लागते. त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत असते. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. परीक्षण अहवालाला उत्तर देण्यासाठी सहा महिने मिळतात. दावे लिहिताना मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटची मदत घ्यावी, येथे काटकसर करू नये.

काय मागू नये, हेही पाहावे. भेंडीच्या चिकाने रसाची मळी काढणे हे आपल्या गुळव्यांचे पिढीजात ज्ञान आहे आणि पारंपरिक ज्ञानावर भारतात पेटंट मिळत नाही. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट १९९५ मध्ये दिले गेले होते, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते १९९७ मध्ये रद्द करवले. जुन्या छापील नोंदींना किती वजन असते, ते यातून दिसते.

शिक्षकांसाठी एक दिलाशाची तरतूद आहे. निव्वळ प्रयोग, संशोधन किंवा विद्यार्थ्यांना शिकवणे यासाठी पेटंटयुक्त वस्तू किंवा प्रक्रिया वापरल्यास भारतीय कायद्यानुसार तो हक्कभंग ठरत नाही. विक्री सुरू झाली की ही सवलत संपते.

शोधाच्या वहीत प्रत्येक दस्तऐवजाचा क्रमांक, देश, अर्जाची तारीख, पहिल्या दाव्याचे घटक आणि इनपासवर दिसलेली स्थिती लिहावी. नूतनीकरण शुल्क तिसऱ्या वर्षापासून भरावे लागते आणि ते थकले की पेटंट बंद पडते, म्हणून स्थितीपुढे ती पाहिल्याचा दिवसही नोंदवावा. अलीकडचे अर्ज १८ महिने कोणालाच दिसत नाहीत. त्यामुळे संपूर्ण विवरण दाखल करण्याच्या आठवड्यात तेच संकेत आणि तेच शब्द घेऊन एकदा नव्याने शोध घ्यावा.