गणपतीला गावी गेले आणि सी-टू-सी-ट्वेल्व्ह बिघडल्या

प्रयोगशाळेतलं माझं पहिलंच वर्ष. गणपतीला चार दिवस घरी जायचं होतं, म्हणून फ्लास्कमध्ये सी-टू-सी-ट्वेल्व्ह (उंदराच्या स्नायूपासून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) जरा जास्तच टाकून गेले. आल्यावर भरपूर मिळतील, हा हिशोब. आले तर फ्लास्कचा तळ खच्चून भरलेला. मी खूश! त्याच पेशी पुढे वाढवल्या, त्यांचे स्नायुतंतू बनावेत म्हणून २ टक्के हॉर्स सीरम (घोड्याच्या रक्तातला द्रव) दिलं आणि वाट बघत बसले. पाचव्या दिवशी मायोट्यूबची, म्हणजे पेशी एकमेकींत मिसळून बनणाऱ्या कोवळ्या तंतूंची, लांबच लांब नळकांडी दिसायला हवी होती. दिसली चार-दोन, तीही खुरटी. पुढचे तीन आठवडे मी सीरमच्या बाटलीला शिव्या घातल्या.

चूक माझी होती. या पेशी दाटीवाटीत आल्या की विभाजन थांबवून एकमेकींत मिसळतात, आणि एकदा मिसळलेली पेशी पुन्हा विभागत नाही. पुढच्या फ्लास्कमध्ये वाढतात त्या न मिसळणाऱ्या. म्हणजे चार दिवसांत मी आळशांचीच निवड केली होती! तेव्हा फ्लास्कचा तळ साठ-सत्तर टक्के भरला की स्प्लिट करा, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये विरळ वाटून टाका, रविवार असला तरी. आणि सुरुवातीच्या पॅसेजच्या (म्हणजे फार वेळा स्प्लिट न झालेल्या) पेशींच्या पाच-सहा व्हायल आधीच गोठवून ठेवा.

हात बसला की खऱ्या सॅटेलाइट सेलकडे, म्हणजे स्नायूतल्या मूळ पेशींकडे, वळा. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना त्या बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसल्या: स्नायुतंतू आणि त्याच्यावरचं बेसल लॅमिनाचं वेष्टन यांच्या फटीत, निवांत. स्नायू फाटला की जाग्या होतात, वाढतात, काही नवे तंतू बनवतात, काही परत फटीत जाऊन झोपतात. सी-टू-सी-ट्वेल्व्हनाही असं झोपवता येतं. हैदराबादच्या शास्त्रज्ञ ज्योत्स्ना धवन यांनी त्यांना घट्टसर द्रवात तरंगत ठेवून झोपवण्याची पद्धत वापरली, ती जरूर वाचा.

उंदराच्या पायातला ईडीएल नावाचा स्नायू कोलॅजिनेजमध्ये (तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजन तोडणारं विकर) ठेवून एकेक तंतू सुटा करायचा, हे खरं कसब. चिमटा मधोमध लावलात तर तंतू आखडून तपकिरी गोळा होतो; धरायचं ते फक्त टेंडनला, म्हणजे स्नायूच्या टोकाच्या दोरीला. चांगला तंतू केसासारखा सरळ, चकचकीत दिसतो. डिश आधी हॉर्स सीरमने धुवून घ्या, नाहीतर तो तळाला चिकटतो. माझ्या पहिल्या डिशमध्ये धड निघाले सात.

सिंगल-सेल सिक्वेन्सिंगचं, म्हणजे एकेका पेशीत कुठली जनुकं चालू आहेत ते वाचण्याचं, आकर्षण मलाही होतं. पण आधी कार्डिओटॉक्सिन (स्नायू मुद्दाम दुखावण्यासाठी वापरतात ते सापाचं विष) दिलेल्या स्नायूचे काप डोळ्यांनी बघा. एरवी तंतूच्या कडेला असणारी केंद्रकं नव्या तंतूंत मधोमध असतात, आणि उंदरात तर ती महिनोन् महिने तिथेच राहतात. कुठली जागा दुखावली होती, ते काप बघूनच कळतं.