गार्गनी की कॉमन टील? तलावावर छोटी बदकं ओळखताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात तेच होतं. सकाळी नागपूरजवळच्या गोरेवाडा नाहीतर पारडगाव तलावावर पोचायचं, समोर पाण्यात भुरकट छोटी बदकं पसरलेली, कोणीतरी म्हणतं "टील आहे टील", आणि यादीत पन्नास कॉमन टील चढतात. त्यात गार्गनी किती होते हे कोणी पाहतच नाही. मराठीत टील म्हणजे चक्रांग आणि गार्गनी म्हणजे भुवई बदक, नावातच सांगितलंय कुठं पाहायचं ते, तरी आपण चेहरा सोडून बाकी सगळं पाहून राहतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नराच्या भरवशावर राहणं. रंगात आलेले नर ओळखायला सोपेच आहेत, गार्गनीच्या तपकिरी डोक्यावर पांढरीशुभ्र जाड भुवई पार मानेपर्यंत जाते, आणि टीलचं डोकं तांबूस, डोळ्याभोवती हिरवा पट्टा, शेपटीखाली पिवळसर डाग. पण टीलचे नर डिसेंबरपर्यंत बहुतेक रंगात येतात आणि गार्गनीचे नर मात्र बराच हिवाळा मादीसारखेच भुरकट राहतात, त्यांची भुवई खरी उठून दिसते ती फेब्रुवारीच्या आसपास. मग होतं काय, डिसेंबरात थव्यात दोन-चार टीलचे नर दिसले की बाकीचे सगळे भुरकट म्हणजे त्यांच्याच माद्या असं आपण धरून चालतो. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी असंच केलं, घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले तर अर्ध्याहून जास्त गार्गनी निघाले, यादी पूर्ण बदलावी लागली.

म्हणून भुरकट बदकाचा चेहराच पाहा. गार्गनीच्या मादीला डोळ्यातून जाणारी गडद रेघ, तिच्यावर फिकट भुवई, गालावर अजून एक पुसटशी गडद रेघ, आणि चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका, हा ठिपका मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो. हनुवटीही पांढुरकी. चोच पूर्ण राखाडी आणि जराशी लांब. टीलच्या मादीचा चेहरा त्यामानाने साधा, चोच बारीक, तिच्या मुळाशी बऱ्याचदा पिवळट-नारिंगी झाक, आणि शेपटीच्या बाजूला एक बारीक फिकट रेघ असते, बदक आडवं असताना ती छान दिसते.

दुसरी चूक, पंखावर हिरवं दिसलं की लगेच टील म्हणणं. हिरवा पट्टा गार्गनीच्या नरालाही असतो भाऊ! उडताना पाहा, गार्गनीच्या नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर-राखाडी असतो, तो भुरकट पिसांतही तसाच राहतो. टीलचा तो भाग तपकिरीच, आणि हिरव्या पट्ट्याच्या पुढची पांढरी रेघ मागच्या रेघेपेक्षा जाड.

आकारावर तर जाऊच नका. टील ३४ ते ३८ सेंमी, गार्गनी ३७ ते ४१, शंभर मीटरवरून एवढा फरक कोणाला कळणार.

महिनाही बघा. आपल्याकडे हिवाळी बदकांत गार्गनी लवकर येणाऱ्यांपैकी, त्यामुळे सप्टेंबरात छोटं भुरकट बदक दिसलं तर आधी गार्गनी तपासा, टील नंतर.

आणि फोटोसाठी काठाकाठानं जवळ जाऊन थवा उडवू नका, प्लीज. ती लांबून आलेली असतात, त्यांना खायला आणि झोपायला तेवढंच पाणी असतं, आणि उडालेल्या थव्यात नवशिक्याला काही कळतही नाही. सूर्य पाठीमागं ठेवा, एका जागी बसा. तरीही ओळख पटली नाही तर ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप) नुसतं "टील स्पीशीज", म्हणजे कुठलं तरी टील, टाका. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत चुकीच्या नावापेक्षा अर्धवट पण खरी नोंद कितीतरी कामाची.

मागच्या थंडीत सायकी तलावावर एक बदक चोच पिसांत खुपसून झोपलेलं होतं, नुसतं भुरकट गाठोडं. वीस मिनिटं बसलो, तर्री-पोह्याचा टाइम निघून गेला. मग बाजूनं एक वारकरी (कूट पक्षी) पाणी उडवत पळाला, तसं बदकानं डोकं वर काढलं, चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका, चेहऱ्यावर दोन रेघा. गार्गनी.