आषाढात वस्तीवरच्या विहिरीकडे बघा

पेरण्या उरकल्या, सोयाबीन-कपाशीत कोळपणी सुरू झाली आणि वैशाखात तळ दाखवणारी विहीर परसभर वर आली. विहिरीला पाणी आलं की घरातल्या सगळ्यांनाच हायसं वाटतं. पण पिण्याच्या पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचे दिवस हेच. उन्हाळ्यात विहिरीत जे उतरतं ते खालच्या झऱ्यातून, मुरमातून गाळून येतं. आषाढात जे उतरतं त्यातलं बरंचसं वरून येतं: गोठ्यामागून, उकिरड्याखालून, काल खत टाकलेल्या सरीतून.

हा सल्ला मळ्यात, वस्तीवर राहून स्वतःच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या घरांसाठी आहे. गावच्या सार्वजनिक विहिरीची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी होते, त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी शुद्ध करायचं काम नेमून दिलेला माणूस, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, आरोग्य सेवक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं आहे का याची तपासणी, घेतो. खासगी विहिरीला यातलं काही लागू नाही. तिथला जलसुरक्षक म्हणजे घरातलंच कोणीतरी, आणि ते कोण हे आज जेवायला बसाल तेव्हा ठरवून टाका.

पहिलं काम फुकटचं आहे. पाऊस पडत असताना डोक्यावर पोत्याची खोळ घ्या आणि विहिरीभोवती एक फेरी मारा. उघडीप झाल्यावर जाऊन काही कळत नाही. पाणी वाहताना दिसलं पाहिजे. बांधावरून येणारा लोंढा कठड्याला धडकतो का? ओट्याला चिरा पडून पाणी तिथेच मुरतं का? पंपाचा पाइप आत जातो त्या भोकातून धार लागली आहे का? मग वाकून आत बघा. वरच्या दोन-तीन हातांत बांधकामाच्या सांध्यांतून गढूळ पाणी ठिबकत असेल तर ते झऱ्याचं पाणी नाही, वरचं आहे. त्या जागा खडूने किंवा कोळशाने खूण करून ठेवा आणि उघडीप मिळाली की सिमेंटने सांधे भरून घ्या. चढाच्या बाजूने एक चर मारून लोंढा वळवला तरी निम्मं काम होतं. कठडा कमरेएवढा हवा आणि ओट्याचा उतार विहिरीपासून बाहेरच्या बाजूला हवा.

शोषखड्डा, संडासाची टाकी आणि उकिरडा विहिरीपासून निदान 15 मीटर म्हणजे 50 फूट लांब असावा, असं सांगितलं जातं. माझ्या मते हे अंतर कमीत कमी समजावं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाला फटी असतात आणि फटीतून पाणी गाळलं न जाता सरळ पुढे पळतं. कोकणात, गोव्यात जांभ्यातल्या विहिरींचं तर तसंच आहे, कारण जांभा सच्छिद्र आणि पाणी उथळ. तिथे खड्डा चढाला आणि विहीर उताराला असेल तर 50 फुटांवर भरवसा ठेवू नये.

खताचा ड्रम आणि फवारणीचा पंप

शेतातल्या विहिरीचा खरा घोळ इथे आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. एकाच विहिरीवर पिण्याचं पाणी, ठिबक, फवारणी आणि जनावरं, असं सगळं चालतं.

आमच्या मळ्यात पंपाच्या सक्शनला, म्हणजे विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपाला, नळी जोडून ड्रममधलं खत ओढायची पद्धत होती. एका दुपारी ड्रममध्ये युरिया कालवून पंप चालू केला, कॉक उघडला आणि मी दुसऱ्या टोकाला ठिबकच्या लाइनी बघायला गेलो. तेवढ्यात लाइट गेली. परत येऊन बघतो तर ड्रम रिकामा, तळाला न विरघळलेला पांढरा थर तेवढा राहिलेला. कुणी लवंडला म्हणावं तर भोवतालची माती कोरडी. फूटव्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाशी पाणी परत उतरू न देणाऱ्या झडपेत, काडी अडकलेली होती, त्यामुळे पंप थांबताच पाइपातलं पाणी विहिरीत उतरलं आणि त्याच्या मागे ड्रममधलं खताचं पाणीही खेचून घेऊन गेलं. त्याच विहिरीवरून सकाळी आईने हंडा भरला होता.

त्या रात्री हिशेब मांडला, तो तुम्हीही करून बघा. 6 मीटर म्हणजे साधारण 20 फूट व्यासाच्या विहिरीत साडेतीन मीटर पाणी असेल तर ते जवळजवळ 1 लाख लिटर भरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक आहे (आयएस 10500), आणि त्यात सवलत नाही. युरियात 46 टक्के नत्र. तेव्हा 1 लाख लिटर पाण्याला ही मर्यादा गाठायला सव्वादोन किलो युरिया पुरे. गोणी 45 किलोची असते.

हे नायट्रेट लगेच तपासून सापडत नाही, कारण युरियाचं नायट्रेट व्हायला दिवस लागतात. म्हणून आम्ही महिनाभर प्यायचं पाणी गावातून आणलं आणि विहीर उपसून उपसून उसाला दिली. त्यानंतर तपासणी करूनच हंडा पुन्हा विहिरीवर नेला.

तेव्हा पिण्याच्या विहिरीवर सक्शनमधून खत ओढू नका. व्हेंचुरी (वाहत्या पाण्याच्या जोरावर खत ओढणारं साधन) पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला बसवा. मुख्य लाइनवर एक आणि ड्रमच्या नळीवर एक असे दोन एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे फिरू न देणारे व्हॉल्व्ह, लावा आणि दर पावसाळ्यात उघडून त्यातला कचरा काढा. फवारणीचा पंप विहिरीवर भरूच नये. बादलीने पाणी तीस-चाळीस पावलं लांब न्यावं, औषध तिथे कालवावं आणि पंप विसळलेलं पाणी पिकातच मारावं. औषधाच्या रिकाम्या डब्याला दोरी बांधून त्याचा पोहरा करणारी माणसं मी पाहिली आहेत. हे कुणी करताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा. गावातल्या तपासणी किटमध्ये कीटकनाशक सापडत नाही, त्याची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि महाग पडते.

टीसीएल किती, कशी

विहिरीतलं पाणी मोजायचं सूत्र सोपं आहे. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी 785 ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. पाण्याची खोली दोराला दगड बांधून मोजता येते. चांगल्या, ताज्या टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) प्रमाण 1,000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम. म्हणजे वरच्या 1 लाख लिटरच्या विहिरीला पाव किलो. पावडर जुनी असेल किंवा पाणी थोडं गढूळ असेल तर दुपटीपर्यंत जावं लागतं.

पावडर तशीच विहिरीत भिरकावू नका. ती वरच तरंगते आणि चुना तळाशी बसतो. प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोडं पाणी घालून आधी पिठल्यासारखी कालवा, गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली आणि चारी बाजूंना हलवा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी जड होतं. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नका. रात्री शेवटचा हंडा भरून झाल्यावर हे काम केलं की सकाळपर्यंत कुणाची अडचण होत नाही.

मग ओटी टेस्ट. नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की लगेच पिवळा रंग आला पाहिजे. तासाभराने विहिरीतल्या पाण्यात लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं. किटवरच्या रंगपट्टीशी ताडून बघा आणि नळीतलं पाणी लांब ओतून द्या, ते विषारी असतं. पिवळा रंग आलाच नाही तर दोन शक्यता: पावडर मेलेली आहे, नाहीतर पाण्यात शेण, खत, पालापाचोळा इतका आहे की क्लोरीन त्यातच खर्च झालं. पुन्हा डोस द्या आणि तरीही रंग येत नसेल तर ते पाणी पिऊ नका. पाणी चहासारखं गढूळ असेल तर आधी उपसा, निवळू द्या, मगच टीसीएल.

पावडर घेताना डोळ्याला झोंबणारा वास येतो का बघा. ओलसर, गोळे झालेली, बिनवासाची पावडर म्हणजे नुसता चुना. घरी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. खताच्या गोण्यांशेजारी किंवा डिझेलजवळ कधीही ठेवू नका, त्यातून आग लागू शकते, विषारी वायू निघू शकतो.

टीसीएल मिळेपर्यंत पाणी उकळून प्या, उकळी फुटल्यावर आणखी पाच मिनिटं खळखळू द्या. नागपूरच्या ‘नीरी’ने तयार केलेली अर्ध्या ग्रॅमची क्लोरीनची गोळी 20 लिटर पाण्याला पुरते, तीही चालते. तुरटी फक्त गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही.

एक गोष्ट जुन्या माणसांना दुखावण्याची तयारी ठेवून सांगतो. विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं, हे खरं नाही. कासवाची विष्ठा त्याच पाण्यात पडते आणि त्यातून पोटाचे आजार होऊ शकतात. शिवाय रानातलं कासव पकडून ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. विहिरीत पायऱ्या असतील तर त्या मात्र बंद करा, पाय पाण्यात बुडवून कुणी घागर भरू नये. नारूचा रोग अशाच पायऱ्यांच्या विहिरींतून पसरायचा. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, पण पायांबरोबर जाणारी बाकीची घाण तशीच आहे.

तपासणी

पाणी नितळ दिसतं, गोड लागतं, डाळ शिजते. यातल्या कशावरूनही ते निर्जंतुक ठरत नाही. डाळ न शिजणं म्हणजे जडपणा, भांड्यावर तांबूस डाग म्हणजे लोह, एवढं घरात कळतं. जंतू, नायट्रेट आणि फ्लोराईड यांना वास नाही, चव नाही. आरओ विकायला येणारा माणूस मीटर बुडवून आकडा दाखवतो, तो विरघळलेल्या क्षारांचा. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत.

आत्ता पावसाळ्यात जंतूंची तपासणी करा. एचटूएसची बाटली स्वस्त आणि सोपी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, सावलीत ठेवायची, 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. गावात पाणी तपासणीचं फील्ड किट असतं, जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना ते वापरायला शिकवलं आहे. त्या ताईंना वस्तीवर बोलवा.

दुसरी, सविस्तर तपासणी दिवाळीनंतर, पाणी स्थिर झाल्यावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत खासगी विहिरीचं पाणीही माफक शुल्कात तपासून मिळतं. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली तिथूनच आणा आणि ती विसळू नका, आत क्लोरीन मारणारा पदार्थ घातलेला असतो. झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका, टीसीएल टाकल्यावर चार-पाच दिवस नमुना घेऊ नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्षार, नायट्रेट, फ्लोराईडसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. औषधाची किंवा कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागात, विशेषतः बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी, फ्लोराईड आवर्जून मागावं. मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील तर थांबूच नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात क्षार बघा, कोकणपट्टीत क्लोराईड.

गाळ काढायचं काम आता नको, ते उन्हाळ्यातलं. पण या दिवसांत विहिरीत कुत्रं-मांजर पडतं, फूटव्हॉल्व्ह अडकतो आणि कुणीतरी उतरायला निघतं. बंद, खोल विहिरीत कुजलेल्या पाल्याचा वायू साठतो. कंदील सोडून विझला तर उतरायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कंदील जळत राहिला म्हणून हवा चांगली आहे असंही नाही. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवून कधीही चालवू नका, त्याच्या धुरातला वायू काही मिनिटांत माणूस मारतो. आत कुणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, 112 ला फोन करायचा.

अहवालात नायट्रेट 45 च्या वर आलं तर उकळून उपयोग नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट आणखी दाट होतं. क्लोरीनने, यूव्हीनेही ते जात नाही, आरओने कमी होतं. मोठ्या माणसांना लगेच काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद त्याने कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल तर दिवाळीची वाट बघू नका. नायट्रेटची तपासणी याच आठवड्यात करा आणि अहवाल हातात येईपर्यंत बाळाच्या दुधाचं पाणी गावातल्या तपासलेल्या नळावरून आणा.