जीएसटीचं काम शिकायचंय? आधी जेटलींची भाषणं वाचा

जुलै २०१७ मध्ये, बी.कॉम. होऊन, मी इचलकरंजीतल्या एका करसल्लागारांकडे कामाला लागलो. जीएसटी १ तारखेला लागू झाला होता. बारा वर्षं व्हॅटची (जीएसटीआधीच्या राज्याच्या विक्रीकराची) रिटर्नं भरलेले लोक आणि मी, सगळे एकाच बाकावर! सर म्हणाले, "कलमं पाठ करू नकोस. मंत्र्याला काय पाहिजे ते आधी वाच."

म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींचं २०१७ चं अर्थसंकल्पीय भाषण वाचलं. त्यांचा मुद्दा सरळ होता : आपल्याकडे कर चुकवण्याचीच सवय जास्त. २०१५-१६ मध्ये विवरणपत्रं भरणाऱ्या ३.७ कोटी लोकांपैकी १० लाखांवर उत्पन्न दाखवणारे फक्त २४ लाख. उपाय दोन : दर कमी करा आणि रोकडीची वाट अरुंद करा. अडीच ते पाच लाखांचा दर १० वरून ५ टक्के झाला, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर बंदी आली. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या ४४एडी कलमाखाली छोट्या दुकानदाराचा नफा उलाढालीच्या ८ टक्के धरायचे. बँकेतून आलेल्या रकमेवर तो ६ टक्के झाला. ६० लाख उलाढालीवर ४.८० लाखांऐवजी ३.६० लाख. पार्टीला, म्हणजे आपल्या अशिलाला, हे आकडे कागदावर मांडून दाखवा, ती उद्या क्यूआर कोड लावते. भाषण ऐकवून कुणी लावत नाही.

पण खरं शिकलो ते सुतात. हवाई चप्पल आणि आलिशान मोटार एकाच दरात बसवता येत नाही, हे जेटलींचं ठाम मत. म्हणून जीएसटीचे ५, १२, १८, २८ टक्के असे टप्पे. भाषणात ते पटतं. आमच्या गावात काय झालं? कापडावर पूर्वी व्हॅट नव्हता, आता ५ टक्के. कृत्रिम सुतावर १८. यंत्रमागवाला सूत घेताना १८ भरणार, कापड विकताना ५ गोळा करणार, मधलं क्रेडिट (खरेदीत भरलेला कर, जो विक्रीच्या करातून वजा होतो) जीएसटीच्या पोर्टलवर साचत जाणार, आणि परतावा मात्र नाही. ऑक्टोबरात सूत १२ वर आलं. परताव्याचं दार ऑगस्ट २०१८ पासून उघडलं, तेही आधीचं साचलेलं सोडून. त्या वर्षभरात आमच्या टेबलासमोर बसून लोकांनी सरकारला काय काय ऐकवलं, ते इथे लिहीत नाही.

डिजिटल बाजूचा धडा माझ्याच चुकीतून मिळाला. सुरतेहून आलेल्या सुताचं आयजीएसटी (परराज्यातल्या खरेदीवरचा कर) क्रेडिट मी ३बी या महिन्याच्या विवरणपत्रात सीजीएसटी-एसजीएसटीच्या (राज्यातल्या खरेदीवरच्या करांच्या) रकान्यांत टाकलं आणि फाइल करून मोकळा. ३बी सुधारून भरता येत नाही. सर एवढंच म्हणाले, "खोडरबर गेला रं आता." पुढच्या महिन्यात जुळवाजुळव केली, पण त्या रात्री जेवण गेलं नाही. खरेदी-विक्रीची बिलं पोर्टलनेच जुळवायची ही मूळ कल्पना तर जीएसटीआर-२ या खरेदीच्या विवरणपत्रासोबत नोव्हेंबर २०१७ मध्ये बाजूला पडली. आज तेच काम पोर्टलवर आपोआप तयार होणारं २बी हे क्रेडिटचं पत्रक करतं : विकणाऱ्याने बिल चढवलं नाही तर घेणाऱ्याला क्रेडिट नाही. त्यामुळे नव्या माणसाचा अर्धा दिवस फोनवर जातो, "शेठ, तुमच्या पुरवठादाराला वन (जीएसटीआर-१, विक्रीचं विवरणपत्र) भरायला सांगा."

नॅसिन या केंद्राच्या कर-प्रशिक्षण संस्थेची जीएसटी प्रॅक्टिशनर परीक्षा द्याच, पण त्याआधी एखाद्या पेढीत निदान सहा महिने बिलं चढवा. आपल्या गावचा एक माल निवडा, त्याचा एचएसएन (मालाचा ठरलेला क्रमांक), कच्च्या मालाचा दर, तयार मालाचा दर वहीत लिहा आणि दर बदलला की तारखेसह खाली नवा लिहा. माझ्या वहीत सुताचं पान सर्वांत मळलेलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द जेटलींनीच लिहिलं होतं की पुढे १२ आणि १८ च्या मधला एकच प्रमाण दर येऊ शकतो. तसं नेमकं झालं नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ गेला, तंबाखू-पानमसाल्यासारखा माल सोडला तर २८ ही गेला, आणि कृत्रिम सूत ५ वर आलं.

त्या सकाळी पहिला फोन एका सूत व्यापाऱ्याचा. "जुन्या बिलाचं १२ चं क्रेडिट मिळतंय न्हवं?"

मिळतं. पान उघडून, बघून सांगितलं.